पुढच्या ब्रेकची भीती

सायकलचा शोध कुणी लावला, हे शाळेत विचारतात. सायकल थांबवायची कशी हे कुणी शोधलं, ते मात्र कुणी विचारत नाही. आज सायकलच्या दुकानात गेलं की दुकानदार पहिल्या दोन मिनिटांतच विचारतो, ‘ब्रेक कुठला देऊ? साधा, व्ही की डिस्क?’ आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा किमतीकडे बघून उत्तर देतं. या एका प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास कळला तर उत्तर देणं सोपं जातं, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक भीतीही कदाचित कमी होते.

मी कवितेचा माणूस. यंत्रातलं मला कळतं ते सायकलपुरतं. पण आमचं सातारा हे असं गाव आहे की तिथे सायकल चालवणाऱ्याला पॅडलपेक्षा ब्रेकचा विचार आधी करावा लागतो. यवतेश्वराच्या घाटात सायकल हाताने ढकलत वर न्यायची आणि पॅडलला पाय न लावता खाली यायचं, हा आमच्या पिढीतल्या पोरांचा सुट्टीतला उद्योग होता. तेव्हा ब्रेक हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

सुरुवात जर्मनीत होते. १८१७ साली मानहाइम शहरात कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांचं एक लाकडी वाहन रस्त्यावर आणलं. त्याला पॅडल नव्हतं, चेन नव्हती. मधल्या बैठकीवर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पळायचं. त्या वर्षीच्या जूनमध्ये ड्राइसने या वाहनावरून शहराबाहेर जाऊन यायचा सुमारे १३ किलोमीटरचा फेरा तासाभरात पुरा केला. मागच्या चाकाला दोरीने ओढायचा एक ब्रेकही त्याने बसवला होता. पण खरा ब्रेक म्हणजे चालवणाऱ्याच्या बुटांचे तळवे. पाय जमिनीला लागत होते तोवर थांबण्याची काळजी फारशी नव्हती.

ती काळजी सुरू झाली पाय जमिनीवरून उचलले गेले तेव्हा. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पॅडल लावलेल्या सायकली बाहेर पडू लागल्या. चाकं लाकडाची, त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. ही सायकल थांबवायची युक्ती मोठी गमतीची होती. हँडल मुठीत धरून पिळायचं; त्यासरशी एक दोरी गुंडाळली जायची आणि मागच्या चाकावर चमच्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा दाबला जायचा. लोखंडावर लोखंड घासून जेवढं थांबता येईल तेवढं थांबायचं. इंग्रजांनी या सायकलीला हाडं खिळखिळी करणारी म्हणून नाव ठेवलं, ते उगाच नव्हे.

पुढे १८७०च्या दशकात उंच चाकाची सायकल आली. जुन्या चित्रांतून आपण ती पाहिलेली असते. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं तान्ह्या मुलाच्या गाड्याचं असावं इतकं लहान. पॅडल थेट पुढच्या चाकाला, त्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग जास्त. थॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ अशाच सायकलीवरून जगाच्या प्रवासाला निघाला होता आणि १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रोडवरून गेला. त्या काळी रस्त्याकडेच्या खेड्यांतली माणसं हे उंट की घोडा म्हणून बघत राहिली असतील.

या सायकलीला ब्रेक होता पुढच्या चाकाला. तोच चमच्यासारखा तुकडा, भरीव रबरी धावेवर दाबणारा. आणि इथेच सगळा घोळ झाला. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या आसाच्या डोक्यावर बसलेला. त्याने ब्रेक जरा जोरात दाबला, की पुढचं चाक थांबायचं आणि स्वार हँडलवरून थेट डोक्यावर जाऊन पडायचा. खड्डा लागला, दगड लागला तरी तेच. पाय हँडलखाली अडकलेले, त्यामुळे उडी मारायलाही सवड नाही. म्हणून सराईत मंडळी उतारावर दोन्ही पाय हँडलच्या पुढे टाकून बसत. पडलोच तर निदान पायांवर पडू, हा हिशोब! इंग्लंडमध्ये सायकलस्वारांच्या संघटनांनी अवघड उतारांवर सायकलवाल्यांसाठी धोक्याच्या पाट्या लावल्या. रस्त्यावरच्या त्या पाट्या मोटारी येण्याआधीच्या आहेत.

पुढचा ब्रेक म्हणजे मरण, ही समजूत या सायकलीच्या काळात खरी होती. गंमत अशी, की ती सायकल गेली आणि समजूत मागे राहिली.

१८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री गावात जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मधे बसायची जागा, पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत चेन. आज आपण चालवतो ती सायकल मुळात हीच. तिला ‘सेफ्टी’ म्हणत, म्हणजे सुरक्षित सायकल. तिची सुरक्षितता कशात होती? स्वार खाली आला आणि मागे आला. आता पुढचा ब्रेक दाबल्यावर तो सहजासहजी उलटत नव्हता.

इथे जरा थांबून ब्रेकचं साधं गणित समजून घेऊ. एस.टी.त उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर आपण पुढे फेकले जातो. सायकलवरही तसंच होतं. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही आवळलं तरी ते रस्त्याला धरून राहत नाही, घसरत जातं. म्हणून नुसत्या मागच्या ब्रेकने सायकल थांबायला पुढच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. सपाट, कोरडा रस्ता आणि ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर ब्रेक लागल्यानंतर एकाला सुमारे तीन मीटर आणि दुसऱ्याला सुमारे सहा मीटर. मधले तीन मीटर म्हणजे एका एस.टी.च्या रुंदीपेक्षा जास्त. वेग दुप्पट झाला तर ही अंतरं चौपट होतात.

आता पुन्हा इतिहासाकडे वळू. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलप यांनी हवेचा टायर काढला. बसणाऱ्याची हाडं वाचली, पण ब्रेकवाल्यांची पंचाईत झाली. भरीव रबरावर लोखंडी चमचा दाबणं वेगळं आणि हवा भरलेल्या नाजूक टायरवर दाबणं वेगळं. टायर झिजू लागले. मग प्रश्न आला, टायरला हात न लावता चाक थांबवायचं कुठे?

त्याला तीन उत्तरं निघाली: चाकाची कड म्हणजे रिम धरा, चाकाच्या पोटातला हब धरा, किंवा हबला वेगळी चकती लावून ती धरा. आज दुकानात दिसणारा प्रत्येक ब्रेक या तिन्हींपैकी एकात बसतो.

त्यात आणखी एक भर पडली. सुरुवातीच्या सायकलींचं पॅडल चाकाबरोबर फिरतच राही. उतारावर पाय उलटा रेटून वेग आवरता येई. म्हणजे पाय हाच ब्रेक. शिवाय उतारावर पाय टेकवायला पुढच्या दांड्यांवर खुंट्या असत. पाय खुंट्यांवर ठेवले की पॅडल आपलं गरगर फिरतंय आणि सायकल देवाच्या हवाली. आल्प्समधून भटकणारे काही सायकलवाले तर उतार लागला की झाडाची मोठी फांदी तोडून सायकलच्या मागे बांधत आणि ती फरफटत खाली येत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रीव्हील आलं आणि पॅडल थांबवून चाक फिरत ठेवता येऊ लागलं. पण पायातला ब्रेक गेला. आराम आला आणि हाताच्या ब्रेकची गरज दुप्पट झाली.

अमेरिकेत आणि जर्मनीत यावर तोड काढली ती हबच्या पोटात. पॅडल पुढे मारलं की सायकल चालते, सोडलं की नुसती धावते, आणि मागे दाबलं की हबमधला ब्रेक लागतो. अमेरिकेत १८९८ पासून ‘न्यू डिपार्चर’चे आणि जर्मनीत १९०३ पासून ‘टॉर्पेडो’ नावाचे असे हब निघाले. पाऊस-चिखल आत जात नाही, हात मोकळे राहतात. हॉलंडसारख्या सपाट आणि पावसाळी मुलखात हा ब्रेक अजून लोकप्रिय आहे. आपल्याकडे तो फारसा रुजला नाही.

रिमचा ब्रेक चालवायला हाताची ताकद चाकापर्यंत न्यायला हवी. त्यासाठी १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन याने एक पेटंट घेतलं. पोलादी तारेच्या गुंडाळीची लवचिक नळी आणि तिच्या आत सरकणारी तार. एवढीच कल्पना, पण केवढी कामाची! वाट वाकडी असली तरी ओढ सरळ पोचते. आजही सायकलच्या ब्रेकपासून मोटारसायकलच्या क्लचपर्यंत हीच तार आहे. रॅले कंपनीचा संस्थापक फ्रँक बाउडन हा निराळा, नावावरून बरेच जण गफलत करतात.

मग आपल्या काळ्या सायकलींना तारेऐवजी लोखंडी दांड्या, म्हणजे रॉड ब्रेक, का? त्याचं कारण त्या सायकली कुठे चालायच्या होत्या यात आहे. तार गंजते, तुटते, नळीत अडकते. रॉड तुटत नाही. वाकला तर हातोडीने सरळ होतो. शिवाय रॉड ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या बाजूला, खालून वर दाबतात. चाक थोडं डुगडुगत असलं, आऊट गेलेलं असलं, तरी ब्रेक काम देतो. खडीचा रस्ता, पाठीवर दोन मण ओझं आणि जवळ फक्त एक पाना, अशा जगासाठी तो ब्रेक होता. म्हणूनच इंग्लंडच्या रॅलेच्या घडणीची ती सायकल भारतात, चीनमध्ये, आफ्रिकेत सगळीकडे तशीच्या तशी गेली. १९५० साली तिएनजिनमध्ये निघालेली चिनी ‘फ्लाइंग पिजन’ आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथल्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या आपल्या सायकली शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतील.

या ब्रेकचं एक दुखणं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. लोखंडी रिमला चकचकीत मुलामा असे. कोरड्यात रबर तिला धरी. पाऊस पडला की मुलाम्यावर पाण्याचा थर बसे आणि ब्रेक दाबूनही सायकल पुढेच जाई. चाकाचे दोन-चार फेरे होऊन पाणी पुसलं गेलं तर पकड येई. ज्या मुलखात चार महिने पाऊस, तिथे हा दोष लहान म्हणता येणार नाही.

आमच्या लहानपणी भाड्याच्या सायकलींचं दुकान हीच आमची शाळा होती. तासाला काही पैसे, वहीत नाव आणि वेळ. दुकानातले चाचा आम्हा पोरांना सायकल हातात देताना एकच धडा देत. ‘अगला नक्को दबा रे, उलटा गिरेगा!’ पुढचा दाबू नको, उलटा पडशील. आणि पोरांनी तो दाबूच नये म्हणून बऱ्याच सायकलींचा पुढचा ब्रेक त्यांनी काढूनच ठेवलेला असे. चाचा काही अडाणी नव्हते. चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारा मोहल्ल्यात कुणी नव्हता. पण त्यांना त्यांच्या उस्तादांनी असंच शिकवलं होतं, आणि उस्तादांना आणखी कुणीतरी. माझा अंदाज असा, की ही शिकवण उंच चाकाच्या सायकलीपासून तोंडोतोंडी चालत आली असावी. पोस्टमन, दूधवाले, पाववाले, गिरणीवर दळण नेणारे, सगळ्यांच्या सायकली अशाच. पुढच्या ब्रेकची रबरं झिजली की नवी बसवायची नाहीत, रॉड खुळखुळायला लागला की काढून टाकायचा. त्या जागी पिशवी अडकवायला सोय होते!

आमच्या मोहल्ल्यात बेकरीतून पाव नेऊन घरोघर विकणारा एक मुलगा होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. पहाटे त्याच्या घंटीने आम्हाला जाग यायची. कॅरिअरवर पावांचा मोठा डबा, हँडलला दोन्हीकडे खारीच्या पिशव्या. पुढचा ब्रेक काढलेला. १९८५ च्या जुलैत एका पहाटे उतारावर वळणापाशी समोरून ट्रक आला आणि त्याला सायकल थांबवता आली नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. कब्रस्तानातून परतताना मोठी माणसं बोलत होती, की पाऊस फार होता, रस्ता निसरडा होता, वेळ आली होती. सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्याविषयी कुणी काही बोललं नाही.

पुढचा ब्रेक असता तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ओल्या लोखंडी रिमवर दोन्ही ब्रेक दुबळेच. पण त्या पहाटे त्याच्या हातात दोनांपैकी एकच होता, आणि तोही कमी ताकदीचा. ही गोष्ट वेळ आली म्हणून घडलेली नव्हती. ती आम्ही सगळ्यांनी शहाणपण समजून चालू ठेवलेली रीत होती. ब्रिटनमध्ये १९८३ साली सायकलींसाठी नियम झाले. पॅडल मागच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या सायकलला एकच ब्रेक पुरे, पण तो पुढच्या चाकाला असलाच पाहिजे, असं त्यात आहे. आपल्याकडची रीत नेमकी उलटी होती.

त्यानंतर ब्रेकच्या जगात बरंच पाणी वाहून गेलं. लोखंडाच्या जागी अॅल्युमिनियमच्या रिम आल्या आणि पावसात ब्रेक धरू लागले. एवढ्या एका बदलाने जेवढे अपघात टळले असतील, तेवढे दुसऱ्या कशाने टळले नसतील. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी १९७६ पासून जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावल्या. सायकलींना हबचे, उलट्या पॅडलचे ब्रेक. उतार इतका तीव्र, की खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि दर फेरीनंतर हब उघडून ग्रीस भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. माउंटन बाइकचा जन्म त्या उतारावरचा. तिला ताकदीचे ब्रेक लागणारच होते. १९९६ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने लांब बाहूंचे व्ही-ब्रेक आणले आणि पुढे मोटारसारखे डिस्क ब्रेक सायकलवर रुळले. डिस्कची चकती चाकाच्या मध्यापाशी असते, रस्त्याच्या पाणी-चिखलापासून दूर. रिम वाकडी झाली तरी ब्रेकला फरक पडत नाही, आणि लांब घाटात रिम तापून टायर फुटण्याची भीती राहत नाही.

रस्त्यावरच्या शर्यतींत मात्र डिस्कला सहज प्रवेश मिळाला नाही. जागतिक सायकल संघटनेने परवानगी देऊन पाहिली. २०१६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत एका स्पॅनिश स्पर्धकाच्या पायाला मोठी जखम झाली, ती चकतीने झाली असं त्याने सांगितलं आणि परवानगी थांबवण्यात आली. अखेर २०१८ मध्ये ती कायमची मिळाली. नव्या ब्रेकवर विश्वास बसायला जगातल्या सर्वांत सराईत माणसांनाही वेळ लागतो, तो असा.

तर मग ब्रेक निवडायचा कसा? इतिहासातून मला जे समजलं ते असं. ब्रेकमध्ये सर्वांत चांगला असा कुठलाच नाही. तुमचा रस्ता, तुमचा पाऊस, तुमचं ओझं आणि तुमचा मिस्त्री बघून तो ठरतो. सपाट गावात शाळेला, बाजाराला जायचं असेल तर अॅल्युमिनियमच्या रिमचा तारेचा ब्रेक पुरेसा आहे. व्ही-ब्रेक त्याहून ताकदवान आणि गावातला कुठलाही कारागीर तो नीट करू शकतो. घाट, कोकणातला पाऊस, चिखल, ही रोजची गोष्ट असेल तर डिस्क घ्यावा. पण तारेवरचा की तेलाच्या दाबावरचा, हे विचारून घ्यावं. तेलाचा ब्रेक हाताला हलका आणि पकडीला उत्तम, पण तो बिघडला तर दुरुस्त करणारा जवळपास आहे का, हे आधी बघावं. स्वस्तातल्या सायकलीवर दिखाव्यापुरता लावलेला डिस्क हा चांगल्या व्ही-ब्रेकपेक्षा कमी प्रतीचा असू शकतो. आणि अजून कुणाच्या घरी रॉड ब्रेकची काळी सायकल चालती असेल, तर ती मोडीत काढायचं कारण नाही. चारही रबरं शाबूत ठेवा, आणि पाऊस सुरू झाला की उतारापूर्वीच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्या.

ब्रेक कुठलाही असो, दोन्ही असावेत आणि दोन्ही वापरावेत. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा असतो. मुलांना सायकल शिकवताना त्याची भीती घालू नये. मैदानात नेऊन तो हळूहळू दाबायला शिकवावं. दाबताना अंग थोडं मागे न्यावं, हात ताठ ठेवावेत, मागचा ब्रेक जोडीला घ्यावा. वाळूवर, ओल्या वळणावर पुढचा जपून. एवढं आठ दिवसांत जमतं. मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत घरातल्या सायकलींची ब्रेक-रबरं तपासून घ्या. ती झिजली असतील तर बदलायला फार खर्च येत नाही.